वीस मिनिटं थांबता का?

रस्त्यात जखमी कुत्रं दिसलं की फोटो काढायला दहा सेकंद लागतात, फॉरवर्ड करायला पाच. त्यानंतर जे करायचं असतं त्याला साधारण वीस मिनिटं लागतात आणि सगळं अडतं ते तिथेच! ऑफिस, डेडलाइन आणि लोकल सांभाळून जखमी प्राण्यांना हॉस्पिटलपर्यंत पोचवणाऱ्या एका हौशी टीममधल्या मेंबरची ही गोष्ट...

तर झालं काय, मंगळवारची सकाळ होती. नऊ वाजून वीस मिनिटं. मालाडला लिंक रोडवर माझी रिक्षा सिग्नलला थांबलेली आणि माझं डोकं दहाच्या क्लायंट कॉलमध्ये. सहज बाहेर नजर गेली तर पेट्रोल पंपाच्या कडेला एक तांबूस कुत्रा. बसलेला नव्हता, पडलेला होता. मागचा एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. मान वर करून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत होता.

मी काय केलं? फोन काढला, फोटो घेतला आणि तीन व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. ‘अर्जंट! मालाड वेस्ट, लिंक रोड, पेट्रोल पंपाजवळ. प्लीज हेल्प!’ सोबत हात जोडलेले दोन इमोजी. सिग्नल सुटला, रिक्षा निघाली. आणि खोटं कशाला बोलू, मला छान वाटलं. आपण काहीतरी केलं, असं एक फीलिंग आलं.

लंचला फोन बघितला तर चाळीसेक मेसेज. ‘सो सॅड’, ‘बिचारा’, ‘कोणी गेलं का?’, ‘अपडेट प्लीज’. आणखी हात जोडलेले इमोजी. शिवाय एका अनोळखी नंबरवरून तीन मिस्ड कॉल. मी फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या. आवाज एकदम शांत.

‘‘मी दहा वाजून दहा मिनिटांनी पोचले. कुठला पेट्रोल पंप ते तुम्ही लिहिलंच नव्हतं. अर्धा तास शोधलं, कुत्रा सापडला नाही. फोटो मात्र अगदी क्लिअर आलाय. तुम्ही कुठे होतात?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 

संध्याकाळी घरी जाताना मुद्दाम तिथे उतरले. पंपावरच्या पोऱ्याने सांगितलं, कुत्रा सरपटत मागच्या गटाराकडे गेला होता आणि दुपारी तिथेच मेला. ‘‘सकाळपासून लोक फोटो काढत होते की,’’ तो म्हणाला. म्हणजे मी एकटी नव्हते. कळवलं सगळ्यांनी होतं, थांबलं कोणीच नव्हतं.

रात्री त्या बाईंना पुन्हा फोन केला, सॉरी म्हणायला. त्या म्हणाल्या, ‘‘सॉरी राहू दे. शनिवारी सकाळी मोकळी आहेस का?’’

फंडा सिंपल आहे

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. त्या बाई म्हणजे आमची ताई. बँकेत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात आम्हा पंधरा-सोळा जणांना कामाला लावते. आमच्यात एक सीए आहे, दोघं आयटीवाले, एक फिजिओथेरपिस्ट आणि एक लग्नाचे फोटो काढणारा पोरगा. त्याच्याकडे मारुती व्हॅन असल्यामुळे त्याचा भाव जाम वर! ऑफिस नाही, बोर्ड नाही, टी-शर्ट तर नाहीच. गोरेगाव ते बोरिवली एवढा आमचा एरिया.

आम्ही डॉक्टर नाही. आमचं काम एकच, जनावर जिथे पडलंय तिथून उचलायचं आणि डॉक्टरच्या टेबलावर नेऊन ठेवायचं. मुंबईत अॅम्ब्युलन्स चालवणाऱ्या चांगल्या संस्था आहेत. पण गाडी एक आणि कॉल वीस, त्यात आपला ट्रॅफिक! ती येईपर्यंतचा जो वेळ असतो तो आम्ही भरून काढतो.

कॉल आला की आमचे प्रश्न ठरलेले. नक्की कुठे? लोकेशन पिन पाठवा आणि समोरच्या दुकानाचं नाव सांगा. कुठला प्राणी? श्वास चालू आहे का? रक्त वाहतंय की थांबलंय? मागचे पाय हलवतोय का? आणि शेवटचा प्रश्न, जो ऐकून निम्मे लोक गडबडतात : आम्ही पोचेपर्यंत तुम्ही वीस मिनिटं थांबता का?

थांबायला का सांगतो, तेही ऐका. लागलेलं कुत्रं एका जागी पडून राहत नाही. दुखणं आणि भीती असली की ते अंधार शोधतं. पार्क केलेल्या गाडीखाली, गटाराच्या फरशीखाली, बांधकामाच्या पत्र्यामागे. मांजर तर त्याहून बेरकी! एकदा नजरेआड झालं की मग शोधत बसा. शिवाय मागून येणारी गाडी त्याला दुसऱ्यांदा ठोकू शकते. थांबणारा माणूस काही फार मोठं करत नाही. नजर ठेवतो, गाड्यांना हात दाखवतो आणि गर्दीला लांब ठेवतो. बस्स. पण तो असेल तर आमचा अर्धा तास वाचतो आणि कधीकधी जनावरही.

उत्तरं कशी येतात? ‘मला मीटिंग आहे’, ‘मी बसमध्ये आहे’, ‘मला कुत्र्यांची भीती वाटते’. शेवटचं उत्तर मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं. आम्ही सांगतो, दहा फुटांवर उभे राहा, हात लावू नका. भीती वाटत असूनही थांबलेले लोक मी पाहिलेत.

नाकावर गाठ

शनिवारी मी ताईच्या गच्चीवर पोचले तेव्हा मला वाटत होतं, प्राण्यांवर प्रेम असलं की झालं. ताईने माझ्या हातात क्रेप बँडेज दिलं आणि समोर तिचा म्हातारा लॅब्रेडॉर बसवला. ‘‘प्रेम नंतर. आधी तोंड बांधायला शीक.’’

बँडेजचा सैल फास करायचा, तो तोंडावर सरकवायचा, पहिली गाठ नाकावर, दुसरी हनुवटीखाली आणि शेवटची कानांमागे मानेवर. उलटी होत असेल, श्वास घ्यायला त्रास होत असेल तर मात्र तोंड बांधायचं नाही. मग अंगावर चादर टाकायची, पाठ सरळ राहील अशा बेताने फळीवर किंवा जाड पुठ्ठ्यावर सरकवायचं. उचलून कडेवर घ्यायचं नाही. पाठीचा कणा मोडला असेल तर आपल्या त्या एका मायेच्या मिठीत उरलंसुरलंही जातं.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरायचं, पाच मिनिटं, मध्ये उघडून बघायचं नाही. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवायचं. ओठ वर करून हिरड्या बघायच्या. गुलाबी असतील तर बरं, पांढुरक्या असतील आणि पंजे गार पडले असतील तर ते जनावर शॉकमध्ये आहे, ऊब द्या आणि पळा. तोंडात पाणी, दूध, बिस्किट काहीही घालायचं नाही. आपल्या पर्समधली तापाची गोळी तर चुकूनही नाही. पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेतं.

हे सगळं शिकून मी स्वतःला एक्सपर्ट समजायला लागले आणि दीड महिन्यात चावा घेतला गेला! शुक्रवारची संध्याकाळ, दहिसरला गाडीखालचं कुत्रं, मी घाईत, तोंड न बांधता हात घातला. चूक माझी. त्याची नाही. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली, घड्याळ लावून. त्याच रात्री महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये इंजेक्शन आणि पुढचे डोस कॅलेंडरमध्ये मीटिंगसारखे टाकून ठेवले. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की डॉक्टरांच्या हातात जवळपास काहीच उरत नाही, म्हणून इथे ‘बघू उद्या’ चालत नाही. आता आमच्यात नवा मेंबर आला की आधी रेबीजचे प्रतिबंधक डोस आणि मगच रस्ता. त्यानंतरही चावलं तर धुणं आणि डॉक्टर चुकत नाहीत, फक्त डोस कमी लागतात.

आईने त्या रात्री एवढंच विचारलं, ‘‘आणि तुला कोण उचलून नेणार?’’

बांद्र्याच्या पुढे

आता ती रात्र. जुलै महिना, पाऊस असा की वायपरही हरलेले. पावणेअकराला कॉल आला. कांदिवली, एस. व्ही. रोड. टेम्पोने उडवलेला काळा कुत्रा, मागचे दोन्ही पाय ओढतोय. फोन करणारे एका बिल्डिंगचे वॉचमन काका होते, साताऱ्याकडचे. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

‘‘थांबतो की. मी हितंच आसतो रातभर.’’

व्हॅनवाला पोरगा नेमका नाशिकला लग्नात. जवळची मीच. मी पोचायला पन्नास मिनिटं लागली, कारण रिक्षाच मिळेना. पोचले तर काका रस्त्याच्या कडेला उकिडवे बसलेले, छत्री कुत्र्यावर, स्वतः नखशिखांत भिजलेले. बाजूला एक प्लास्टिकचा बॅरिकेड आडवा लावून ठेवलेला, गाड्यांनी वळून जावं म्हणून. मला कोणी शिकवलं नव्हतं इतकं नीट.

काकांनी गेटमागून प्लायवुडचा तुकडा आणला. तोंड बांधलं, चादर टाकली, दोघांनी मिळून सरकवलं. रिक्षावाला म्हणाला, ‘‘सीट खराब होगा मॅडम.’’ मी पिशवीतून प्लास्टिकचा पडदा काढला, सीटवर अंथरला. कोणाचाही बाथरूमचा जुना पडदा मागून आणावा, यापेक्षा कामाची वस्तू नाही. मग तो बघतच राहिला आणि म्हणाला, ‘‘बैठो.’’

ताईने तोवर परळला फोन करून ठेवला होता. कांदिवली ते परळ म्हणजे पंचवीसेक किलोमीटर. आणि इथे मुंबईचा एक नियम आडवा येतो जो आपण रोज पाळतो पण त्याचा असा विचार कधी करत नाही. बांद्र्याच्या पुढे रिक्षा जात नाही! म्हणजे मोडक्या पाठीच्या कुत्र्याला अर्ध्या वाटेत रिक्षातून टॅक्सीत बदलायचं, भर पावसात, रात्री साडेबारा वाजता.

पहिल्या टॅक्सीवाल्याने काच खाली केली, बघितलं, काच वर केली. दुसरा म्हणाला, माणूस असता तर नेला असता. तोपर्यंत माझा रिक्षावाला भाडं घेऊन निघून जायला हवा होता. तो गेला नाही. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, तिसरी काळी-पिवळी अक्षरशः अडवली आणि ड्रायव्हरशी त्याच्या गावाकडच्या भाषेत काहीतरी बोलला. मागचं दार उघडलं. दोघांनी मिळून फळी आत सरकवली. माझ्या हातांना फक्त डोकं धरायचं काम उरलं.

परळचं ते हॉस्पिटल म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल. पण जुन्या परळकराला हे नाव सांगून पत्ता विचारलात तर तो विचारात पडेल. त्याच्यासाठी ते ‘बैलघोडा हॉस्पिटल’. प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालायला मुंबईत १८७४ मध्ये सोसायटी स्थापन झाली, त्याच वर्षी शहरात घोड्यांची ट्रामही सुरू झाली होती. गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून १८८३ मध्ये त्यांच्या पत्नीच्या नावाने हे हॉस्पिटल उभं राहिलं आणि १८८६ मध्ये त्याच आवारात पशुवैद्यकीय कॉलेज आलं. तेव्हा अख्खी मुंबई बैल आणि घोडे ओढत होते. माणसं, कापूस, धान्य, सगळं. त्यांच्यासाठी हे बांधलं म्हणून ते नाव. आता आम्ही उलट्या दिशेने वाहतूक करतो, टॅक्सीच्या मागच्या सीटवर.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे दाखवत डॉक्टरांनी समजावलं. कणा पूर्ण तुटला होता. मागच्या पंजाला चिमटा काढला तरी त्याला कळत नव्हतं. लघवीवर ताबा नाही. वेदना मात्र पुढच्या अर्ध्या शरीरात भरपूर. मी ताईला फोन केला, ती म्हणाली, ‘‘आपण पोचवायचं काम करतो. काय बरं आहे ते डॉक्टरांना ठरवू दे, तू फक्त त्याच्याजवळ बस.’’ मी बसले. ऑफिसला हाफ डे टाकला. कारणाच्या रकान्यात ‘पर्सनल’ लिहिलं. दुपारी त्याला इंजेक्शन देऊन शांत झोपवलं.

खरं अवघड पुढेच होतं. वॉचमन काकांना सांगायचं. ते पन्नास मिनिटं भिजले होते आणि मी त्यांना सांगणार होते की उपयोग झाला नाही. फोन लावला. सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच नाही.

मग म्हणाले, ‘‘गटारात तर नाय ना मेला. माणसात गेला.’’ आणि लगेच, ‘‘माझा नंबर ठिवा तुमच्याकडं. हितं रातच्याला काय लागलं तर मी थांबत जाईन.’’

लिंक रोडवरचा तो तांबूस कुत्रा आणि एस. व्ही. रोडवरचा हा काळा. दोघंही गेले. पण दोन्ही मरणं सारखी नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्याकडचे सगळे वाचतात असं मी सांगणार नाही. निम्म्याहून थोडे जास्त वाचतात. बाकीच्यांसाठी आपण जे करतो ते फुकट गेलं, असं आता मला वाटत नाही.

घार, घुबड आणि १९२६

कुत्र्या-मांजरांचं एक ठीक, पण शहरात त्यांच्याखेरीज बरीच मंडळी राहतात. जानेवारी उजाडला की आमचे फोन वरून येतात. म्हणजे झाडावरून! संक्रांतीच्या पतंगांचा मांजा तारांवर, फांद्यांवर लटकतो आणि घारी, कबुतरं, वटवाघळं त्यात अडकतात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो, उडवला जातो आणि पंख कापतो.

मांजात अडकलेला पक्षी दिसला तर मांजा ओढायचा नाही. ओढला की तो आणखी खोल रुततो. पक्ष्याच्या दोन्ही बाजूंनी दोरा कापायचा, पंखात गुंतलेला भाग तसाच राहू द्यायचा, तो डॉक्टर काढतील. अंगावर टॉवेल टाकून पंख मिटलेले राहतील असं धरायचं आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचं. अंधार, ऊब, शांतता. बास. चोचीत पाणी सोडाल तर ते फुफ्फुसात जाऊ शकतं. घारीच्या चोचीपेक्षा नख्या सांभाळा. वटवाघळाला मात्र उघड्या हाताने कधीच नाही.

एकदा लोअर परळच्या एका चकाचक ऑफिसातून फोन आला. एसीच्या डक्टजवळ ‘ईगलचं पिल्लू’ बसलंय आणि अख्खा फ्लोअर घाबरलाय. जाऊन बघतो तर गव्हाणी घुबड! बदामी चेहरा, काळे डोळे, सगळ्या मार्केटिंग टीमकडे तुच्छतेने बघत होतं. दिवसा बाहेर पडलं होतं, कावळ्यांनी पाठलाग केला म्हणून आत घुसलं. ऑफिसला आम्ही दोनच गोष्टी सांगितल्या, लाइट घालवा आणि सेल्फी थांबवा. दुसरी जास्त अवघड गेली.

पण इथे कायदा लक्षात ठेवा. घुबड, पोपट, साप, माकड हे वन्यजीव. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांना आपल्या मनाने घरी नेऊन ठेवता येत नाही, अगदी सेवा करायलाही नाही. वन विभागाला कळवायचं. महाराष्ट्रात त्यांची हेल्पलाइन आहे १९२६. साप असेल तर लांबून नजर ठेवायची, व्हिडिओवर शिकलेली स्टाइल मारायची नाही.

आणि एक गंमत. मे-जूनमध्ये येणाऱ्या पक्ष्यांच्या पिल्लांच्या कॉलमधले बरेच कॉल मुळात कॉलच नसतात. अंगावर पंख आलेलं, इकडे तिकडे उड्या मारणारं पिल्लू जमिनीवर असेल तर ते हरवलेलं नाही, उडायला शिकतंय. आई-बाप जवळच असतात, खाऊ घालतात. त्याला मांजरापासून दूर, जवळच्या फांदीवर ठेवा आणि बाजूला व्हा. उचलून घरी आणलं तर त्याला आपण वाचवत नाही, पळवून नेतो.

पण ऑफिसचं काय?

हा प्रश्न मला सगळे विचारतात. उत्तर असं की, अॅडजस्ट करावं लागतं. आणि कधीकधी नाही जमत.

पहिल्या वर्षी मी प्रत्येक कॉल घेतला. चार वेळा लेट मार्क, एक प्रेझेंटेशन बोंबललं, मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून विचारलं, ‘‘तुझं नक्की काय चाललंय?’’ फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. वीकेंडला मैत्रिणी गोव्याला, मी पशुवैद्याच्या वेटिंग रूममध्ये. एका रात्री कॉल घेता घेता रडायलाच लागले. ताईने माझा नंबर महिनाभर लिस्टमधून काढून टाकला. न विचारता. मी चिडले, मग मला सलग आठ तास झोप लागली.

तेव्हापासून आमचे नियम आहेत. प्रत्येकाचे ठरलेले दिवस. माझे बुधवार रात्र आणि शनिवार. बाकी दिवशी ‘मला जमणार नाही’ असं एका मिनिटात सांगायचं, म्हणजे पुढचा माणूस शोधता येतो. ‘बघते, ट्राय करते’ हे उत्तर बॅन! पैशाचंही तसंच. बिलाचा फोटो आधी ग्रुपवर, मग वर्गणी. बिल नाही तर पैसे नाहीत, मग मागणारा कितीही ओळखीचा असो.

भांडणंही होतात. सोसायटीत, फुटपाथवर. ‘कुत्र्यांचा एवढा पुळका, माणसांचं काय?’ कुत्री चावतात, लहान मुलांना चावतात, ही खरी गोष्ट आहे आणि २०२५ मध्ये हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गाजला. माझं म्हणणं एवढंच की, तो वाद चालू दे, पण समोर रक्त सांडत पडलेला जीव त्या वादाचा निकाल लागायची वाट बघू शकत नाही. मुद्दाम मारणाऱ्यांसाठी कायदा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड लिहिलाय, वडापाव आणि चहाचे पैसे! पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्याला ठार किंवा अपंग केल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे पोलिस स्टेशनला जाताना माहीत असलेलं बरं.

आणि सोयी वाढतायत. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं हॉस्पिटल सुरू झालं. यंत्रं आली, डॉक्टर आले. तरी तिथवर न्यायला कोणीतरी लागतंच.

हे जवळ असू द्या

• ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये किंवा डिकीत : जुनी चादर, टॉवेल, क्रेप बँडेज, गॉझ, जाड हातमोजे, टॉर्च, कात्री, प्लास्टिकचा पडदा.

• फोनमध्ये : जवळच्या दोन पशुवैद्यांचे नंबर, त्यातला एक तरी रात्री उचलणारा. आपल्या भागातल्या अॅम्ब्युलन्सचा नंबर. वन विभाग १९२६.

• कळवताना : पिन, समोरच्या दुकानाचं नाव, प्राणी, श्वास, रक्त, पाय. आणि तुमचा स्वतःचा नंबर.

• जखमेत अळ्या दिसल्या तर फिनेल, रॉकेल ओतू नका. हलकेच झाका आणि डॉक्टर गाठा.

• काम झालं की ज्या ज्या ग्रुपवर टाकलं तिथे ‘केस पोचली’ असं लिहा. नाहीतर तो मेसेज चार महिने फिरत राहतो आणि कोणीतरी खरंच शोधायला जातं.

...आणि काका

मागच्या बुधवारी रात्री सव्वाअकराला फोन वाजला. कांदिवलीचे वॉचमन काका. आता ते आमच्या लिस्टमध्ये आहेत. त्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, ग्रुपवर नाहीत, एकही इमोजी त्यांनी आयुष्यात पाठवलेला नाही. पण गेल्या दोन वर्षांत त्यांनी आम्हाला सहा वेळा बोलावलंय आणि सहाही वेळा जनावर त्यांनी सांगितलं त्याच जागी, त्यांच्या छत्रीखाली मिळालंय. शेजारच्या बिल्डिंगचा वॉचमन आणि कोपऱ्यावरचा अंडाभुर्जीवालाही आता त्यांनी तयार केलाय.

‘‘मांजर हाय, मॅडम. पोटूशी. पायाला लागलंय, पण वरडती चांगली.’’

‘‘काका, मला यायला वीस मिनिटं लागतील. थांब...’’

‘‘ते काय इचारता,’’ काका म्हणाले आणि फोन ठेवून दिला.